चार डिग्रीवाले गृहस्थ

तंबू घेऊन डोंगरात जाणाऱ्यांत पूर्वी दोनच जाती होत्या. सगळं सामान आणणारे आणि दुसऱ्यांचं वापरणारे. अलीकडे तिसरी निघाली आहे. हे गृहस्थ पन्नाशीकडे झुकलेले, नोकरीत स्थिरावलेले, मुलं हाताशी आलेली, गाडी उंच. पवनेच्या काठी किंवा भंडारदऱ्याला गाडी थांबली की बाकीची मंडळी उतरून "वा!" म्हणतात. हे मागे जाऊन डिकी उघडतात, वाकतात आणि जाहीर करतात, "चार!"

चार म्हणजे चार डिग्री सेल्सिअस. समोर रतनगड उभा असतो, पण तो कुठे पळून जात नाही. डिग्री जाते.

गाडीतला फ्रिज हे यांचं उतारवयातलं अपत्य. तो घ्यायला त्यांना एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा लागतो, आणि त्या काळात लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. मठ्ठा वाढायला आला की विषय निघालाच. "मुळात हे फ्रिज तीन प्रकारचे असतात." पहिला पेल्टियरवाला. स्वस्त, हलका, आत एक पंखा फिरतो. "तो फ्रिजच नव्हे. बाहेरच्यापेक्षा फार तर 20 डिग्री खाली नेतो. नागपुरात मेमध्ये 45. वजा 20 करा. किती राहिले?" आपल्याला उत्तर द्यावंच लागतं. "पंचवीस. पंचवीस डिग्रीचं ताक प्याल तुम्ही?" दुसरा गॅसवर चालणारा, अमोनियाचा. बिनआवाजाचा, पण त्याला जागा सपाट लागते. सह्याद्रीत सपाट जागा सापडलीच तर तिथे आधीच कुणाचा तरी तंबू असतो. उरला कॉम्प्रेसरवाला. बाहेर कितीही ऊन असो, आत उणे अठरापर्यंत नेईल. इथे त्यांचा आवाज हळवा होतो. किमतीत घरी दोन दारांचा फ्रिज आला असता, हे वहिनी बोलून दाखवत नाहीत. त्या फक्त मठ्ठा पितात.

मग लिटरचा प्रश्न. चौतीस की बेचाळीस, यावर महिना जातो. गृहस्थ टेप घेऊन स्वतःच्याच डिकीत शिरतात. झाकण वरून उघडणारा हवा, कारण थंड हवा जड, ती आतच बसून राहते. समोरून दार उघडलं की पायावर सांडते. हे अगदी बरोबर आहे. त्यांचं सगळंच बरोबर असतं, तीच तर अडचण आहे. फ्रिज डिकीत बसतो आणि सासूबाईंची बॅग सासूबाईंच्या मांडीवर.

सहलीच्या आदल्या दिवशी फ्रिज घरच्या विजेवर लावून रिकामाच गार करतात. यालाही कारण आहे: कोमट बाटल्या आणि कोमट फ्रिज गाडीत एकदम गार करायला निघालं तर बॅटरीचा जीव जातो. पण हॉलमध्ये रिकामा फ्रिज घुमतोय आणि स्वयंपाकघरातला ओसंडून वाहतोय, हे बघून वहिनी विचारतात, "अहो, कालची आमटी ठेवू का यात?" त्यावर गृहस्थ जे बघतात, ते बघणं मुलगी सासरी निघतानाचं असतं.

खरी मजा रात्री. दिवसा गाडी चालू असते, फ्रिज सुखात असतो. इंजिन बंद झालं की हिशेब सुरू. कॉम्प्रेसर चालताना 45 ते 50 वॉट खातो, म्हणजे 12 व्होल्टवर चार अँपिअर. उकाड्यात निम्मा वेळ चालणार. रात्रीच्या दहा तासांत वीस अँपिअर-अवर गेले. गाडीची बॅटरी मुळात पंचेचाळीसची, तीही स्टार्टर मारण्यापुरता जोर लावायला केलेली, रात्रभर झिजायला नव्हे. म्हणून फ्रिजमध्येच सोय असते: व्होल्टेज ठरावीक खाली गेलं की तो स्वतः बंद पडतो आणि टीं-टीं ओरडतो. त्यात परत लायटरच्या सॉकेटची वायर बारीक. बॅटरीकडून निघालेलं व्होल्टेज वाटेतच थोडं गळतं, आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. हे सगळं ते वहिनींना समजावून सांगतात. रात्री एक वाजता. तंबूत.

मेअखेरीची गोष्ट. भंडारदऱ्याला काजवे बघायला आम्ही सगळे शेंडी गावाच्या पुढे गेलो होतो. एका झाडावर हजारो काजवे एकाच तालात लागत-विझत होते. मोबाइल खिशात, टॉर्च बंद, लहान पोरंही गप्प. आणि मागून आलं, टीं-टीं. गृहस्थ अंधारात चाचपडत गाडीकडे गेले आणि बॅटरी चार्ज व्हावी म्हणून त्यांनी इंजिन सुरू केलं. हल्लीच्या गाड्यांना इंजिनाबरोबर पुढचे दिवे आपोआप लागायची खोड असते. अख्खं झाड पांढरंफटक पडलं. साडेतीनशे फोटोंच्या आशेने आलेली शेजारची पुण्याची मंडळी एका सुरात ओरडली. गावातला पोरगा धावत आला, "ओ सायेब, लाइट बंद करा आधी!" गृहस्थांनी काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "अरे, सात झालं होतं."

त्यांचा एकच शत्रू: थर्माकोलच्या पेटीवाला मित्र. तो येताना मासळी बाजारातून बर्फ आणतो, पेटीत टाकतो आणि झोपतो. हा मित्र नेमका फिजिक्सचा मास्तर. "एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता ओढतो. दहा किलो बर्फ टाकला की तुझ्या फ्रिजचं दिवसभराचं काम होतं. बिनबॅटरीचं." गृहस्थांकडे आकड्याला उत्तर नसतं, म्हणून ते पेटीत बोट दाखवतात. आत वितळलेल्या पाण्यात कोथिंबीर पोहत असते, पनीर बुडालेलं असतं. "हे तुझं जेवण?" असा तो सामना दरवेळी बरोबरीत सुटतो. मला विचाराल तर एका रात्रीच्या सहलीला बर्फच पुरे. दोन रात्री, उकाडा, सोबत कोणाचं इन्सुलिन असेल तर मात्र फ्रिजवाल्याच्याच गाडीत बसावं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीतच ठेवायचं असतं, आणि बर्फाला टेकून गोठलं तर वाया जातं. हा माणूस ते रात्रभर जागून सांभाळील. त्याला कारणच हवं असतं.

बाकी त्या फ्रिजमधून काय काढायचं म्हटलं तर परवानगी लागते. झाकण दहा सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहिलं की यांच्या कपाळाला आठ्या. "काय हवंय ते आधी ठरवा, मग उघडा." आत काय कुठे आहे याची यादी झाकणावर चिकटवलेली. वळवाची सर येऊन जाते, वारं झोंबतं, सगळ्यांना कडक चहा हवा असतो; गृहस्थ एकेकाच्या हातात चार डिग्रीचं ताक देत फिरतात. कुणी घेत नाही. तेव्हा ते चहाकडे येतात आणि विजयी मुद्रेने म्हणतात, "दूध कुठलं? आपल्याच फ्रिजमधलं ना?" चूल फुंकणारी मावशी म्हणते, "नाय ओ, आमच्या म्हशीचं."

परतीला अर्धा किलो श्रीखंड तसंच घरी येतं. "बघ, जसंच्या तसं," गृहस्थ वहिनींना दाखवतात. "तेच तर म्हणते मी," वहिनी म्हणतात.

पण त्यांचे दिवसही येतात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठते, होड्या समुद्रात जायला लागतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत गृहस्थ मालवणला निघाल्याची बातमी सोसायटीत फुटते. मग जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये लोक त्यांना थांबवतात. एरवी नमस्कारही न करणारे सेक्रेटरी "काय म्हणतोय आपला फ्रिज?" असं विचारतात. थर्माकोलवाला मास्तर दोन दिवस आधीच फोन करतो आणि बर्फाचा विषय काढत नाही. गृहस्थ खिशातून वही काढून सगळ्यांच्या ऑर्डरी लिहून घेतात, पण मापात तडजोड नाही. मास्तरांची सुरमई चार लिटर, सेक्रेटरींचं पापलेट दोन लिटर, आणि तळमजल्यावरच्या आजींच्या कोलंबीला, सोललेली असेल तरच, पाऊण लिटर.