युद्धाला जबाबदार कोण? बदलापूर लोकलसाठी मार्गदर्शन

महाभारताचं युद्ध कुणामुळे झालं, हा वाद संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये घालायचा असेल तर खरं उत्तर कल्याणच्या आधी तोंडातून निघता कामा नये. खरं उत्तर धृतराष्ट्र. ते सांगितलं की वाद मिटतो आणि उरलेला वेळ चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून मुकाट काढावा लागतो. म्हणून सुरुवात द्रौपदीपासून करावी. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असं ती हसून म्हणाली आणि सगळं पेटलं, असं कुणीतरी म्हणतंच. त्याला ठाण्यापर्यंत बोलू द्यावं. मग शांतपणे सांगावं, की पुण्याच्या भांडारकर संस्थेने १,२५९ हस्तलिखितं ताडून १९६६ साली पुरी केलेल्या चिकित्सक आवृत्तीत हे वाक्यच नाही. दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा तिथे हसले ते नोकरचाकर, भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव. 'पण टीव्हीवर दाखवलं होतं!' असा आक्षेप येईल. त्यावर नुसतं खिडकीबाहेर बघावं.

ठाणे ते कल्याण हा पट्टा कर्णाचा. त्याला मराठीत नामांकित वकील मिळाले आहेत; शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७चं, शिवाय रणजित देसाईंचा 'राधेय'. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही आलं, पण ते वाचलेला माणूस डब्यात असेल तर त्याला दारात उभं करावं, नाहीतर कर्ण डोंबिवलीलाच संपतो. उल्हासनगरचे प्रवासी सोबत असतील तर जयद्रथाचा विषय काढू नये. तो सिंधुदेशाचा राजा. उगाच कुणाच्या माहेरावर कशाला जा.

कल्याण सुटलं की धृतराष्ट्र बाहेर काढावा. द्यूताचं आमंत्रण त्याच्याच नावाने गेलं आणि ते घेऊन विदुराला, त्याच्या मनाविरुद्ध, त्यानेच पाठवलं. डाव चालू असताना 'जिंकलं का, जिंकलं का' असं हा म्हातारा हरखून पुन्हा पुन्हा विचारत होता. सभापर्वातली ही एकच गोष्ट खटला निकाली काढायला पुरे. 'आंधळा, लाचार बाप, मुलापुढे काय चालणार?' असं कुणी कळवळून म्हणेल. पण द्रौपदीला वर देऊन, हरलेलं सगळं परत करून, त्याच राजाने अख्खा खेळ रद्द केला होता. म्हणजे अधिकार होता. तो वापरल्यावर लगेच पांडवांना दुसऱ्या डावाला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं, तेही त्यानेच. युधिष्ठिराने खेळायला नको होतं, हे कबूल. पण त्याची चूक जुगाऱ्याची, याची अड्डा चालवणाऱ्याची.

शेवटचा आक्षेप अंबरनाथकर घेतील. तिथलं शिवमंदिर शिलालेखाप्रमाणे शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं, पण ते पांडवांनी एका रात्रीत उभारलं, असं गावात सांगतात. एका रात्रीत एवढं बांधणाऱ्यांनी पाच गावांसाठी लढावं कशाला? उत्तर सोपं आहे. बांधकाम एका रात्रीत होतं, सातबारा होत नाही, आणि दुर्योधन सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन सोडायला तयार नव्हता. उल्हासनगरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

अंबरनाथला डबा बराच मोकळा होतो. बदलापूरकरांना हवं तर पुढे कृष्णाचं नाव काढून बघावं, पण ते दाराशी उभं राहूनच.