ओळ कुठे मोडावी

माझी फाइल पहिल्यांदा उघडणारा प्रत्येक नवा मुलगा जरा घुटमळतो आणि विचारतो, "सर, ही कविता आहे का?"

असतं ते बॅकअप कसा घ्यावा याचं वर्णन. पण प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू होतं, लांबलं तर स्वल्पविरामापाशी मोडतं. दुरून मुक्तछंद वाटतो खरा. मी लिहितो ती मार्कडाऊन ही खुणांची पद्धत मात्र या ओळी मुकाट्याने जोडून घेते. वाचकाला दिसतो साधा, सभ्य परिच्छेद.

पूर्वी मीही ओळी ८० अक्षरांवर मोडायचो. हा आकडा १९२८ सालच्या आयबीएमच्या पंचकार्डावरच्या ८० स्तंभांचा. कार्डं गेली, सवय राहिली. एकदा एका परिच्छेदाच्या सुरुवातीला मी 'कृपया' घातलं. पुढच्या सगळ्या ओळी एकेक शब्द सरकल्या आणि गिट, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवणारं आमचं साधन, पडलं ओळीओळीने तुलना करणारं. जुन्या सात ओळी लाल, नव्या सात हिरव्या. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "नक्की काय बदललंत?" म्हटलं, "एक कृपया." त्यानंतर त्या माझ्याशी आठवडाभर फार सभ्यपणे बोलत होत्या.

वाक्यागणिक नवी ओळ हा सल्ला माझा नव्हे. ब्रायन कर्निघन यांनी युनिक्स शिकणाऱ्या नवख्यांसाठी १९७४ मध्ये लिहिलेल्या टिपणात तो आहे: लिखाणात पुन्हा पुन्हा दुरुस्त्या होणारच, तेव्हा ओळी आखूड ठेवा आणि जिथे वाक्य श्वास घेतं तिथे मोडा. गिट तेव्हा जन्मायचं होतं. ते आलं २००५ मध्ये.

पण श्वास कुठे घ्यायचा, हे मराठीत लिहायला बसलं की कळतं. आपलं क्रियापद शेवटी. 'डावीकडच्या यादीतील तिसऱ्या पर्यायासमोरचे लाल बटण', इथे ओळ मोडली आणि खालच्या ओळीवर 'दाबू नका' आलं, तर तोवर बटण दाबून झालेलं असतं. एरवी अट आधी आणि कृती नंतर ही आपली मांडणी सूचनांना फार सोयीची. 'बदल जतन झाले असतील, तरच खिडकी बंद करा.' 'तरच'च्या आधी ओळ मोडावी. वाचणाराही तिथेच थबकतो. 'फाइल जतन केली जाते' असलं वाक्य मात्र ओळीवर एकटं उभं केलं की आपलं आपल्यालाच विचारावंसं वाटतं: कोण करतं? ती आपोआप होते की मी करायची? परिच्छेदाच्या गर्दीत हे कुणी विचारत नाही.

मोडी लिहिणाऱ्या कारकुनांना ही चैन नव्हती. ते आधी कागदभर शिरोरेघ ओढायचे आणि मग तिला अक्षरं टांगत जायचे. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. विरामचिन्हं मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडीला देतात. मोकळ्या जागेवरून आठवलं, मार्कडाऊनमध्ये खरोखरच ओळ मोडून हवी असेल तर ओळीच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडाव्या लागतात. न दिसणाऱ्या! आमचा एडिटर फाइल जतन करताना त्या केर म्हणून झाडून टाकतो. मोडीवाल्यांना हे पटलं असतं.

परवा अशाच एका कवितावाल्या मुलाने पहिलं प्रकरण लिहून आणलं. सगळं नीट होतं, फक्त 'काळजीपूर्वक' हा शब्द एका ओळीवर एकटाच बसला होता.

"हा का रे असा?"

"सर, तुम्ही तो काढणार हे माहीत होतं. एकच ओळ लाल होईल."