आधी बॅच नंबर, मग चक्कर

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीच्या यात्रेत महादेवापुढे रीघ लागते, तिथल्याच दर्ग्यातही नवस बोलले जातात. दोन्हीकडे पक्कं बिल कोणी मागत नाही. ग्राहक आयोग मात्र मागतो, म्हणून धान पिकवणाऱ्या बंधूंसाठी ही मार्गदर्शिका.

बांधीत तुडतुडा पडला की आपण कृषी केंद्र गाठतो. काउंटरवरचा पोरगा खोक्यावर बॉलपेनाने डोस लिहून देतो: "काकाजी, याचे दोन झाकण, त्याचा एक. मिसळून मारा." आतलं पत्रक उलगडलं तर दुपट्ट्याएवढं, अक्षर मात्र भिंगाशिवाय दिसत नाही.

"बिल देता का जी?"

"बिल काऊन पायजे? भरोसा नाही का आमच्यावर?"

भरोसा चिठोऱ्यावर मिळतो. वर रक्कम, खाली रेघ, दुकानाचं नाव नाही.

कायद्याला नावं ठेवू नका, तो झकास आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' हे अख्खं प्रकरण आहे, 20 जुलै 2020 पासून लागू. मालात दोष असेल आणि त्याने इजा झाली, तर आपण निष्काळजी नव्हतो असं दाखवूनही उत्पादक सुटत नाही. खरेदीदाराच्या संमतीने माल वापरणाराही ग्राहक. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. तक्रार आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे गोंदियात. मुदत दोन वर्षं. निकाल शक्यतो तीन महिन्यांत, माल तपासायला पाठवला तर पाच. त्यातला 'शक्यतो' फार सोशिक आहे, कितीही तारखा पडल्या तरी कुरकुरत नाही.

याच प्रकरणात विक्रेत्याच्या सोयीचीही तरतूद आहे: मालाचा गैरवापर झाला, तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. दोन औषधं मिसळणं हा म्हणे गैरवापर. मिसळा म्हणणारा पोरगा? तो तसं म्हणालाच नव्हता. खोकं आहे का तुमच्याकडे?

गंमत वाटत असेल तर यवतमाळ आठवा. 2017 च्या खरिपात कापूस डोक्याच्या वर गेला होता आणि फवारा तोंडावर येत होता. जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. सरकारने तपास पथक नेमलं, आणि चर्चा रंगली ती हातमोजे का घातले नाहीत याची. भर उन्हात, उकाड्यात, दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारणाऱ्याने प्लास्टिकचा डगला चढवायला हवा होता, हे वातानुकूलित खोलीत सगळ्यांना पटलं. डगला कोणी द्यायचा, हा विषय पत्रिकेवर नव्हता. पुढे दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी दाद मागितली ती थेट स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात, कीटकनाशकं बनवणाऱ्या सिंजेन्टा कंपनीच्या दारी. कंपनीने जबाबदारी नाकारली. ज्याला यवतमाळचा तलाठी दाद देत नाही, त्याला बाझलचा रस्ता सापडला, याचं कौतुक मात्र एकाही पालकमंत्र्याने केलं नाही.

तर प्रतापगडच्या फवारणाऱ्याने काय करावं? डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच पडू नये. आधी बाटलीवरचा बॅच नंबर, उत्पादनाची तारीख आणि विषाच्या त्रिकोणाचा रंग यांचा फोटो काढावा. मग दोन साक्षीदारांना हाक मारावी, शक्यतो कृषी केंद्राची उधारी नसलेल्या. मग सावकाश पडावं. दवाखान्यात शुद्धीवर येताच पहिला प्रश्न 'मी कुठे आहे' असा न विचारता 'केसपेपरवर औषधाचं नाव लिहिलं का' असा विचारावा.

राहिली रिकामी बाटली. डबा फोडून वस्तीपासून दूर जमिनीत पुरावा, असं पत्रक सांगतं. आयोगात वकील विचारतो, डबा कुठाय, तोच तर पुरावा. फोडून पुरला तर पुरावा गेला, घरात ठेवला तर सूचनेचं उल्लंघन, म्हणजे पुन्हा गैरवापर. कंपनीचा वकील या दोन्ही उत्तरांची तयारी करूनच गोंदियाच्या गाडीत बसतो. तिकीट कंपनीचं असतं, आणि त्याचं पक्कं बिलही असतं.