वैद्यनाथाच्या गावात आजारी संगणक

परळीत आजारी माणसाला एक वेळ डॉक्टर उशिरा भेटेल, पण आजारी संगणकाला वैद्य कमी पडत नाहीत. गावच वैद्यनाथाचं! एका कार्यालयातला (कोणत्या ते विचारू नका, बदल्यांचे दिवस आहेत) जुना डेस्कटॉप मध्येच बंद पडू लागला आणि टेबलाभोवती मंडळ जमलं. शिपायाचं निदान व्हायरस. टंकलेखक म्हणाले, विंडोज मारा. ज्यांना स्वतःच्या फोनचा आवाज कमी करता येत नाही, त्या भाऊसाहेबांनी जाहीर केलं, "मदरबोर्ड गेलाय. नवाच घ्या."

मग मोंढ्याकडून दुरुस्तीवाला पोरगा आला. त्यानं कॅबिनेट उघडून ब्लोअर लावला, तर निम्मी धूळ आणि निम्मी राख. थर्मल वीजकेंद्राच्या गावात दुसरं काय निघणार? राखेवर परळीत कुणाकुणाचं पोट चालतं, तो विषय वेगळा. हे सदर पुढच्या आठवड्यातही छापून यायचंय. प्रोसेसरचा पंखा गच्च बसला होता, म्हणून तापला की मशीन स्वतःच बंद व्हायचं. मदरबोर्डवरचा गोल सेलही संपलेला. त्यामुळं तारीख रोज सकाळी 2009 वर जायची आणि वेबसाइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नसत. कार्यालयाचा कारभार साधारण त्याच सालात चालत असल्यानं हे कुणाला खटकलं नव्हतं.

"सर, नवा कायला घेता?" पोरगा म्हणाला. "पंखा साफ केला, सेल बदलतो. हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, पळंल."

पण नव्याची हौस अशी थोडीच जाते! भाऊसाहेबांनी हुकमाचं पान काढलं: विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर विंडोज 11 अधिकृतपणे चालवून घेत नाही. मुद्दा खरा आहे. धडधाकट यंत्राला कंपनीनंच वय झालं म्हणून घरी बसवायचं! लिनक्स टाकता येतं, पण ते फुकट मिळतं. फुकटच्या वस्तूची फाइल होत नाही.

नवा घ्यायचा तर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर मागणी नोंदवावी लागते आणि ती नोंदवायला संगणक लागतो. जुन्याचं निर्लेखन व्हायला हवं. तोवर जडसंग्रह नोंदवहीत तो जिवंत, जिन्याखाली मृत.

आणि नवं आलं म्हणजे सगळं सुटतं, असंही नाही. थर्मलचंच बघा. 1971 मध्ये 30 मेगावॅटच्या संचानं सुरुवात झाली, 2007 पासून 250 मेगावॅटचे आले. 2013 च्या दुष्काळात नवे-जुने सगळेच थांबले, कारण पाणीच नव्हतं. नवा डेस्कटॉपही याच राखेत बसणार आणि हाच कमी-जास्त होणारा व्होल्टेज खाणार.

आमचा निकाल असा: पंखा, सेल, रॅम, हार्डडिस्क, एसएमपीएस यांतलं काही असेल तर दुरुस्त करा. मदरबोर्ड गेला आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला, तर नाद सोडा.

त्या कार्यालयातला संगणक आता झकास चालतो. मात्र दुरुस्तीच्या आधीच 'नादुरुस्त' असा शेरा मारून प्रस्ताव वर गेलाय. तो परत येईपर्यंत या संगणकावर काम करायला मनाई आहे.