बसतंय का?

बसला. चट् असा आवाज करून बसला. वीज अजून दिलीच नव्हती, पण त्या एका 'चट्'वर मी मनातल्या मनात इंजिनिअर होऊन गेलो होतो. शिक्षणाने मी बी.कॉम. आहे.

सोसायटीत मात्र मी 'कॉम्प्युटरमधला' होतो. ही पदवी मला तीन बिऱ्हाडांच्या माउसमधला मळ नखाने खरवडून मिळाली होती, आणि ती टिकवायची तर अधूनमधून काहीतरी जाणकारासारखं बोलावं लागतं. 2001 च्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्यांनी 800 मेगाहर्ट्झचा नवा कॉम्प्युटर आणला आणि पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच मी म्हणालो, "आमचाही 800 होतो की! नवा कशाला घ्यायचा? मधे एक कार्ड टाकलं की झालं." पेढा विरघळला, वाक्य मात्र उरलं.

आमचा 1998 चा पेंटियम टू, 350 चा. या पेंटियम टूची तऱ्हाच न्यारी. चौकोनी चिप म्हणून आडवं पडणं त्याला मंजूर नव्हतं. तो काळ्या डब्यात बंद होऊन बोर्डावर उभा राहायचा. त्याला कारण होतं. त्याची 512 केबीची कॅश मेमरी प्रोसेसरच्या पोटात नव्हती. ती शेजारच्या वेगळ्या चिपांत होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने धावायची. म्हणून 1997 मध्ये इंटेलने सगळं बिऱ्हाड एका पाटीवर मांडलं आणि ती पाटी 242 संपर्कांच्या लांबट खाचेत उभी केली. पुढच्याच वर्षी इंटेलच्याच सेलेरॉनमध्ये कॅश थेट पोटात गेली आणि डब्याचं प्रयोजन संपत आलं. 1999 पासून प्रोसेसर पुन्हा चौकोनी होऊ लागला, 370 पायांवर आडवा होऊ लागला. राहिले ते आमच्यासारखे उभ्या खाचेचे मालक.

त्यांच्यासाठी निघाला स्लॉकेट. स्लॉट अधिक सॉकेट. खालची कड जुन्या खाचेत जाते, अंगावर 370 भोकांचं नवं सॉकेट असतं. खाच आणि खोबण मिळून मराठीत याला 'खाचण' म्हणता येईल. कुणाला हवा असल्यास शब्द घेऊन जावा, माझा आता त्याच्यावर जीव नाही.

बुधवार पेठेतल्या दुकानात 800 चा प्रोसेसर आणि स्लॉकेट घेताना मी विचारलं होतं, "पेंटियम टूच्या बोर्डात बसेल ना?"

"बसेल की," दुकानदार म्हणाला.

तो खोटं बोलला नाही. 'चालेल' असं ऐकलं ते माझ्या कानांनी.

या 'बसणे' क्रियापदाने मराठी माणसाला जितकं गोत्यात आणलंय तितकं कोर्टकचेऱ्यांनीही आणलं नसेल. संसाराची घडी बसली तर उत्तम, घसा बसला तर वाईट. जम बसला की पेढे वाटायचे आणि धंदा बसला की भेटायला जायचं. ज्या माणसावर विश्वास बसतो त्याच्यामुळेच पुढे धक्का बसतो, फटका बसतो आणि शेवटी दातखीळही बसते. नाटक दोन महिने खपून बसवतात आणि पहिल्या प्रयोगाला ते पडतं. बसलेली वस्तू पडते कशी, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही. मूल परीक्षेला बसतं, पुढारी उपोषणाला बसतो, गणपती दीड दिवस बसतात, आणि पावसाळ्यात कुंपणाची भिंत बसते ती कायमची. "अहो, आमची हार्ड डिस्क बसली" असा फोन आला तर अभिनंदन करावं की सांत्वन, हे आवाजाच्या पट्टीवरून ठरवावं लागतं. आणि शनिवारी ऑफिस सुटताना सहकारी खालच्या सुरात "आज बसायचं का?" विचारतो, तेव्हा त्यात खुर्चीचा संबंध फार थोडा असतो. अशा भाषेत वाढलेल्या माणसाने दुकानात 'बसेल का' विचारू नये. पण दुसरं विचारायचं तरी काय?

तर बसला. पंखा फिरला. पडदा काळाच. साधी 'बीप'सुद्धा नाही.

पुढचे तीन रविवार मी गुडघ्यांवर काढले. पहिल्या रविवारी उलगडलं, की हा स्लॉकेट आधीच्या पिढीतला. भोकं 370च, जागा त्याच. पण 1999 च्या शेवटापासून आलेल्या नव्या प्रोसेसरांत काही पायांची कामं बदलली होती. म्हणजे जुना आणि नवा दोघंही त्याच खुर्चीत बसणार, पण नव्याचं बोलणं खुर्चीला कळणार नाही. दुकानदाराने बदलून दिला. देताना "बसला होता ना पण?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या रविवारी वाद व्होल्टेजचा. प्रोसेसर 1.7 मागतो, आमचा बोर्ड 1.8 च्या खाली उतरायला तयार नाही. नव्या स्लॉकेटवर यासाठी बारीक जंपर होते. ते हलवले की स्लॉकेट बोर्डाला सांगतो, आतल्याला 1.8च हवेत. लग्न जमवणारे मध्यस्थ असेच असतात. मुलाचं वय चौतीस, सांगायचं एकतीस, आणि मधल्या तीन वर्षांची ऊब ज्याची त्याने सोसायची.

तिसऱ्या रविवारी बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारा प्रोग्राम. तीन वर्षांपूर्वीच्या बोर्डाने या नव्या पाहुण्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. डायल-अपवर फाइल उतरवली, फ्लॉपीवर घेतली आणि चिपेत भरायला लावली. हे चालू असताना वीज गेली तर बोर्ड संपला. वीज पुण्यात गुरुवारी जाते, रविवारी नाही, हे मला माहीत होतं. तरी मी फ्रिज बंद केला आणि मिक्सर लावायला मनाई केली. "तुझा कॉम्प्युटर 800 वर जाणार आणि मी खलबत्त्यावर," बायको म्हणाली. चटणी मात्र सुरेख झाली. हे मी त्या वेळी बोलायला नको होतं.

सगळं झाल्यावर दिसलं, की स्लॉकेट खाचेत किंचित डुलतोय. काळ्या डब्याला धरणाऱ्या कमानी होत्या, त्या याला पुरत नव्हत्या. त्याला एका लग्नपत्रिकेची घडी टेकवली. जंपर पुन्हा काढावे लागले, आणि तांदळाच्या कणीएवढी ती काळी पिल्लं फरशीवर हरवू नयेत म्हणून मी डबी शोधू लागलो. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर एक होती. उघडली.

आत अण्णांची कवळी. कोरडी.

रात्री काढून ठेवलेली कवळी पाण्यात असते. ही पाण्यात नव्हती. तिच्यावर धूळ बसली होती.

दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना ती करून आणली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी "बसली?" विचारलं, अण्णा "बसली" म्हणाले, मी पैसे दिले. "खुपेल, एकदोनदा घासून घ्यावी लागेल, घेऊन या," असं डॉक्टर म्हणाल्याचं मला आता आठवत होतं. घरात दोन महिने अण्णा मऊ भात खात होते, पोळी दुधात कुस्करत होते. मी त्यांच्या समोर बसून जेवत होतो. वयानुसार माणसाची आवड बदलते, असा सिद्धांतही मी बायकोला एकदा ऐकवला होता.

अण्णा दारात उभे होते.

"बोलला का नाहीत?"

"बोललो होतो. तू म्हणालास, सवय होईल." मग माझी बाजू घेतल्यासारखं म्हणाले, "तू कामात होतास."

त्यांनी ते टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. 242 संपर्कांपैकी एकही सैल राहू नये म्हणून मी टॉर्च घेऊन पालथा पडलो होतो, तेव्हा मागून कुणीतरी "खालची जरा खुपते रे" म्हणालं होतं, आणि मी मान न वळवता उत्तर दिलं होतं. माझं काम ते हे.

सोमवारी अर्धी रजा टाकली. डॉक्टरांनी अण्णांना निळा कागद चावायला लावला, जिथे डाग उमटला तिथे घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासलं. चौथ्यांदा विचारलं, "आता बसली?"

अण्णांनी जबडा इकडून तिकडे फिरवून पाहिला. "बसली आहे," ते म्हणाले. "चालते का, ते घरी गेल्यावर सांगतो."

हे वाक्य मला बुधवार पेठेत सुचलं असतं तर एक फेरी वाचली असती.

त्या रात्री पडद्यावर 800 उमटलं. दुसऱ्या मजल्यावर फोन करायला मी रिसीव्हर उचलला, पण अण्णा आधीच कॉम्प्युटरवर जाऊन बसले होते. श्रीलिपीत आठवणी लिहायचं त्यांचं दोन वर्षं चाललं होतं. एका बोटाने, दर मिनिटाला सहा-सात शब्द. 350 वरही तेवढेच व्हायचे. शेजारी खाऱ्या दाण्यांची वाटी होती. एक अक्षर, एक दाणा. कट्. एक अक्षर, एक दाणा. कट्. सालं कीबोर्डच्या फटींत जात होती, आणि कीबोर्डात काही सांडण्यावरून मी याच घरात भाषणं केलेली आहेत.

साडेदहाला पडदा निळा झाला आणि तसाच राहिला.

"बसला का रे?" अण्णांनी विचारलं.

"बसला," मी म्हणालो, आणि वाटीत हात घातला.