आजच्यापुरती कंबर

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर बसून माणसांचे चेहरे बघू नयेत. ते सगळे सारखेच, सांगलीची गाडी लागली का एवढंच विचारणारे. हात बघावेत. बोचकं खाली ठेवल्यावर मोकळा झालेला हात पहिल्यांदा कुठे जातो? बहुतेकांचा कमरेवर. एखाद्याचा कपाळावर, एखाद्या आजीचा मानेमागे, आणि बाळाला खांद्यावर टाकलेल्या बाईचा, स्वतःची पाठ विसरून, बाळाच्या पाठीवर. रेकीत अंगावर हात ठेवायच्या साधारण बारा जागा शिकवतात. त्यातल्या निम्म्याअधिक या फलाटावर विनादीक्षा आणि विनाशुल्क चालू असतात.

माझी कंबर जुनी आहे. तीन महिन्यांच्या पुढे टिकलं की वैद्यकशास्त्र त्या दुखण्याला जुनाट म्हणतं. ती मुदत माझ्या कमरेनं कधीच ओलांडली. आता गावाला जायचं तर आधी तिला विचारावं लागतं, आणि लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर नवरानवरीच्या आधी टेकून बसता येईल अशी खुर्ची शोधावी लागते. डॉक्टर झाले, शेक झाला, फिजिओनं दिलेले व्यायाम तर अजून रोजचे आहेत. या सगळ्याच्या जोडीला, स्टँडजवळच्या एका जुन्या इमारतीत, बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे मी रेकीला जाऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, ‘‘गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत हं. डॉक्टर सांगतील तेव्हाच.’’ हे ऐकून माझा निम्मा संशय तिथेच उतरला.

मग त्यांनी बांगड्या काढून स्टीलच्या बशीत ठेवल्या, घड्याळ ठेवलं, बोटातली अंगठी साबणाच्या मदतीनं काढली. मला पालथं झोपवलं आणि कमरेवर दोन्ही तळवे टेकवले. चोळणं नाही, दाबणं नाही. कोपऱ्यात बासरी लावली होती, पण खिडकीतून ‘सातारा, कराड, कोल्हापूर’ अशी आरोळी येत होती आणि खरं सांगायचं तर मला तीच जास्त लयीत वाटली. कराडपर्यंत गेल्यावर माझा डोळा लागला.

या विद्येचे जनक मिकाओ उसुई. १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर एकवीस दिवसांच्या उपासानंतर त्यांना ही शक्ती लाभली, अशी कथा सांगतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे डोंगरावर उपाशी बसलेल्या माणसाला काहीच मिळालं नाही, असं कुठल्याही पोथीत घडत नाही. उसुईंनी शिष्यांना जे नियम घालून दिले त्यांत आजच्यापुरतं रागवायचं नाही, आजच्यापुरती काळजी करायची नाही, असे दोन आहेत. मला ती ‘आजच्यापुरतं’ची सवलत फार आवडते. जन्मभराचं व्रत माझ्याच्यानं झालं नसतं. तरी बाईंच्या जिन्यावरून शांत मनानं उतरावं आणि जेधे चौक ओलांडताना सिग्नल तोडून आलेल्या दुचाकीवाल्यानं आपल्यालाच ‘ओ काकू, बघून!’ म्हणावं, तेव्हा आजचा दिवस नेमका किती वाजता संपतो हे उसुईंना विचारावंसं वाटतं.

आमच्या लहानपणी पेठेतल्या वाड्यात कमरेचा उपाय वेगळा होता. उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले असा. त्यानं कमरेला पाय लावायचा. आमच्या वाड्यातली पायाळू व्यक्ती म्हणजे वरच्या मजल्यावरची नवी सून, आणि पहिली उसण भरली ती तिच्याच सासऱ्यांना. ते भिंतीकडे तोंड करून उभे. ती पदर सावरत, लाजेनं अर्धमेली होऊन, टाच जेमतेम टेकवायची आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडायची. लाथही तीच, नमस्कारही तिचाच. उसण अशीही चार-सहा दिवसांत निघते, पण श्रेय टाचेला मिळे, आणि एरवी तिच्या हातच्या आमटीला नावं ठेवणारे सासरे त्या आठवड्यात मुकाट्यानं जेवत.

जुनाट दुखण्याचं तसं नसतं. त्यात श्रेय घ्यायला कुणी पुढे येत नाही. रेकीची ऊर्जा कुठल्या यंत्रावर उमटलेली नाही, हे मला ठाऊक आहे. रेकीच्या जवळच्याच एका पद्धतीत अंगाला न लागता वरूनच हात फिरवतात. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी त्या पद्धतीच्या जाणकारांना पडद्याआड हात घालायला लावले आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर आहे ते ओळखायला सांगितलं. उत्तरं बरोबर आली शंभरात चव्वेचाळीस; नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. १९९८ साली हे अमेरिकन डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आलं. चौथीतल्या पोरीपुढे मी काय बोलणार?

पण टेकलेल्या हाताची गोष्ट थोडी निराळी आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं, की मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर एक फाटक असतं आणि स्पर्शाचे संदेश आले की ते थोडं लोटलं जातं. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो तो त्याच हिशेबानं. डेपोच्या तोंडाशी शिवनेरी वळत असली की मागची लाल गाडी घरघरत थांबते, तशी माझी कळ बाईंकडच्या त्या तासाभरात थांबते. गेलेली नसते, आत येत नसते. शिवाय तो अख्खा तास माझ्या कमरेचा असतो. दवाखान्यात बाहेर एवढी रांग असते, की डॉक्टर बिचारे तिला किती वेळ देणार?

परवा बाई बांगड्या काढताना मध्येच थांबल्या. हात वर जाईना. खांदा धरलाय म्हणाल्या, फिजिओकडे जातेय.

‘‘आणि रेकी?’’

‘‘घेते की. पण मागच्या बाजूला माझाच हात पोचत नाही ना.’’

‘‘मी ठेवू?’’

‘‘दीक्षा कुठे घेतलीय तुम्ही,’’ म्हणत त्या स्टुलावर पाठ करून बसल्याही. ‘‘जरा डावीकडे. अजून. हां. आणि अंगठी काढा आधी, टोचतेय.’’