हवेला प्रवेशपत्र नाही

परीक्षा केंद्राच्या भिंतीवर दोन कागद शेजारीशेजारी चिकटवलेले असतात. पहिला सांगतो, सर्दी-तापाचे दिवस आहेत, वर्गखोल्या हवेशीर ठेवा. दुसरा सांगतो, नकल रोखण्यासाठी रस्त्याकडच्या सर्व खिडक्या बंद ठेवा. दोन्हींवर गोल शिक्का, दोन्हींवर सही, आणि सही एकाच हाताची. केंद्र पांढुर्ण्याचं म्हणा की सौंसरचं, नावानं काही बिघडत नाही. खिडकी सगळीकडे सारखीच बंद.

बंद म्हणजे नुसती लोटलेली नव्हे. आधी कडी, मग कडीत खिळा, फटीत वर्तमानपत्राची घडी, वरून खाकी चिकटपट्टी. तावदान फुटलेलं असेल तिथं पुठ्ठा, तोही संत्र्याच्या पेटीचा. आपल्या भागाची शान राखायला नको? हीच खिडकी पावसाळाभर गळत होती, तेव्हा तिला सुतार मिळाला नाही. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, तरी खिडकी गळतच राहिली. बोर्डाची परीक्षा आली आणि एका दुपारीत तिचं कल्याण झालं.

बरं, हे गाव कोणतं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं, मधोमध पळसाचं झाड रोवतात आणि दिवसभर गोटमार चालते. माणसं रक्तबंबाळ होतात, कितीदा जीवही गेले, बंदीचे हुकूम निघाले. गोटे काही थांबले नाहीत. नदी ओलांडून येणारा धोंडा ज्या गावात अडवता आला नाही, तिथं खिडकीतून येणारी बोटभर चिठ्ठी मात्र शंभर टक्के अडवली. प्रगती म्हणतात ती हीच.

आता फ्लूचं बघा. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला 1 ते 4 दिवस लागतात, आणि ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो वाटत सुटतो. म्हणजे सोमवारी सकाळी 9 ते 12 भाषेच्या पेपराला शेजारच्यानं दिलेला प्रसाद गुरुवारी ऐन गणिताच्या पेपरात फळतो. वेळापत्रक करणाऱ्यानं विषाणूला विचारूनच तारखा टाकल्या असाव्यात. खोकल्याचे मोठे थेंब थोड्याच अंतरावर खाली पडतात, बारीक कण मात्र बंद खोलीत तरंगत राहतात. उघड्या खिडकीतून ते निघून गेले असते. पण खिडकीला खिळा आहे, त्यामुळे तेही शेवटची घंटा होईपर्यंत जागेवर बसून राहतात. शिस्त सगळ्यांना सारखी.

यावर आरोग्यवाल्या कागदाचा उपाय ठरलेला: खोकताना तोंड कोपरात लपवा, रुमाल ठेवा, मास्क लावा, अंतर पाळा. प्रत्यक्षात करून बघा म्हणावं. पोट्टं कोपरात तोंड घालून खोकलं की पर्यवेक्षकाला वाटतं, बाहीत चिठ्ठी आहे. रुमाल काढला की तो उलटापालटा करून, उजेडात धरून तपासला जातो, आणि मग तोच हात पुढच्या पोराच्या प्रवेशपत्राला लागतो. मास्क लावला तर चेहरा फोटोशी जुळत नाही. आणि साधं खोकायचं म्हटलं तरी आता सोय राहिली नाही, कारण वस्तुनिष्ठ प्रश्नांत चार पर्याय असतात: एक खोकला म्हणजे अ, दोन म्हणजे ब. "काय इशारे करून राहिला बे?" "सर, खोकला आहे." "खोकला आहे तर तीनदाच कसा आला?" आता या सवालाचं उत्तर कोणत्या गाइडात आहे? पोरगं बिचारं चौथा खोकला गिळतं, तर क चा ड होता होता राहिला म्हणून मागच्या बाकावर खरोखरच गोंधळ उडतो. शिंकेचं अजून ठरलेलं नाही. उडनदस्ता आला की तिचाही निकाल लागेल. दोन्ही कागदांचं एकमत फक्त अंतरावर होतं, नकलेलाही अंतर हवं आणि फ्लूलाही. नेमकी तिथंच बाकं कमी पडतात आणि एका बाकावर दोघं बसतात. आणि पर्यवेक्षकांची खुर्ची? ती दारात. आत कोंदट होतं म्हणे.

इथपर्यंत हसून घ्या. खोलीत खोकल्याला बंदी म्हटल्यावर आई-बाप मेडिकलवर जातात आणि "खोकला दाबायचं काहीतरी द्या" म्हणतात. फ्लू विषाणूचा, तरी सोबत अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही येतात. त्या विषाणूचं काहीही वाकडं करत नाहीत. शेजारच्याच छिंदवाडा जिल्ह्यात, परासियाकडे, 2025 मध्ये विषारी कफ सिरपनं लहान लेकरं दगावली. त्यानंतरही आपल्या परीक्षेच्या दिवसांत खोकला दाबायचाच असतो, खोली उघडायची नसते! तापलेल्या पोरानं घरी पडून राहावं, तर चार दिवसांनी पेपर द्यायची सोय नाही. पुढची संधी येईस्तोवर आंबे येतात. म्हणून ते पॅरासिटामॉल घेऊन येतं. ताप उतरतो, विषाणू उतरत नाही, बाकावरच्या जोडीदारापर्यंत पोचतो. मग सगळा दोष आईचा: दही-साखर का दिली, संत्रं का खाऊ दिलं. मृग बहाराच्या संत्र्यांनी बाजार भरलेला असताना इथल्या पोरांना परीक्षेपुरती संत्र्याची बंदी! संत्र्यानं फ्लू होत नाही हो. बंद खोलीत पोरं कोंबल्यानं होतो. पण संत्र्याला दोष देता येतो, त्याला शिक्का नसतो.

उपाय हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो. मच्छरजाळी. तिच्यातून हवा येते, चिठ्ठी येत नाही. पट्ट्या आणि खिळे आणून एक सुतार दिवसाभरात अख्खी शाळा करून देईल. ते होत नाही, कारण जाळीचा खर्च आरोग्यात टाकायचा की नकलेत, हे ठरत नाही, आणि चिकटपट्टीला मंजुरी लागत नाही. खिळा ठोकला की काम केल्यासारखं दिसतं. हवा आली तर ती कुणाला दाखवणार?

तेव्हा ज्यांच्या सहीनं खिडकी बंद होते, त्यांनी एका पेपराला आत बसावं. पूर्ण तीन तास, शेवटच्या बाकावर, दोन खोकणाऱ्या पोरांच्या मधे. खुर्ची दारात मिळणार नाही.